काजळाची शाई आणि रद्दीचा लगदा

१/ भोरच्या राजघराण्याचे नाते तलवारीइतकेच कागदाशी. अष्टप्रधानांतील सचिव, म्हणजेच सुरनीस, राजपत्रे तपासून त्यांतील मजकूर शुद्ध करीत असे. छत्रपती राजारामांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले. त्यांच्या वंशजांचे ‘पंतसचिव’ संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले.

२/ मराठेशाहीतील दप्तरे बोरूने, काजळाच्या शाईने लिहिली जात. असा कागद रद्दीत गेला, तर त्याचा लगदा पांढरा कसा करावा? याचे उत्तर कागदाआधी शाईत शोधावे लागते.

३/ ब्लीचिंग रंगद्रव्याची रचना मोडते. काजळ मात्र शुद्ध कार्बन. त्यावर क्लोरीनही चालत नाही आणि पेरॉक्साइडही. तिथे उपाय एकच : शाईतला डिंक पाण्यात सुटू द्यायचा आणि लगदा पुन्हा पुन्हा धुवायचा. कुटणे, चुना, वाहते पाणी, ही कागदी कारागिरांची जुनी रीत येथे रसायनापेक्षा सरस ठरते.

४/ मायफळ व हिराकस यांची शाई वेगळी. तिचा काळा रंग क्लोरीनने उडतो. छपाईच्या शाईत पुन्हा कार्बनच, पण तेलात कालवलेला. म्हणून तिला क्षार व साबण लागतो.

५/ योगायोग पाहा. १७७४ मध्ये शेले याने क्लोरीन वायू वेगळा केला; त्याच वर्षी ग्योटिंगेनच्या क्लाप्रोट याने छापील कागदावरची शाई धुऊन नवा कागद करण्याची रीत प्रसिद्ध केली. १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडर आली आणि पांढरेपणा स्वस्त झाला.

६/ पण त्याची किंमत होतीच. जास्त क्लोरीनने तंतू दुबळे होतात. १९८० च्या दशकात कागद गिरण्यांच्या सांडपाण्यात डायॉक्सिन सापडले आणि अनेक गिरण्या क्लोरीन वायूपासून दूर गेल्या. वृत्तपत्री रद्दीसाठी पेरॉक्साइड सोयीचे : ते लिग्निन काढून टाकत नाही, फक्त उजळवते. पुण्याच्या हातकागद संस्थेने (१९४०) सुती चिंध्यांचा मार्ग धरला. चिंधी मुळातच पांढरी निवडली, तर ब्लीचची गरजच उरत नाही.

७/ म्हणून रीत निवडण्याआधी रद्दी निवडावी लागते. काजळाची शाई लगदा करणाऱ्याला छळते, कारण ती विटत नाही. त्याच गुणामुळे तीनशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र आज वाचता येते. लगद्यातून नवा कागद निघतो. पत्र परत निघत नाही. जुने गाठोडे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा सोडून पाहावे, ते एवढ्यासाठीच.