मुलांच्या दातांची हेळसांड : तालुक्याच्या दवाखान्यात कशी ओळखायची आणि पुढे काय करायचे

पोराची दाढ ठणकते म्हणून आजी बाजाराच्या दिवशी त्याला तालुक्याला घेऊन येते. डॉक्टर 'आ' करायला सांगतात, तर एक नाही, आठ-नऊ दात किडलेले. पुढच्या चार दातांची नुसती बुडखी उरलेली, हिरडीवर पुवाचा फोड. "कधीपासून दुखतंय?" असे विचारले की आजी म्हणते, "दुधाचेच हायेत डॉक्टर, पडतेतच की." ग्रामीण भागात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे चित्र नवे नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. याला नुसती कीड म्हणायची, की मुलाची हेळसांड? आणि हेळसांड असेल तर दाढ काढून, गोळ्या लिहून डॉक्टरचे काम संपले का?

कीड वेगळी, हेळसांड वेगळी

ब्रिटनमधील बालदंतवैद्यांच्या संस्थेने २००९ मध्ये याची व्याख्या केली. तिचा मतलब असा, की मुलाच्या तोंडाच्या आरोग्याच्या अगदी मूलभूत गरजाही वारंवार भागवल्या जात नसतील आणि त्यामुळे त्याच्या तोंडाला, तब्येतीला किंवा वाढीला गंभीर धोका असेल, तर ती हेळसांड. अमेरिकेतील बालदंतवैद्यांची व्याख्या पालकाने जाणूनबुजून उपचार टाळण्यावर जास्त भर देते. दोन्हींत मुद्दा एकच. कीड हा आजार आहे, हेळसांड ही मोठ्यांची वागणूक आहे. त्यामुळे किडलेले दात मोजून हेळसांड ठरत नाही. एका दातानेही ठरू शकते आणि दहा दात किडले तरी नसू शकते.

मग ठरवायचे कशावरून? पालकाला दुखणे समजावून सांगितले होते का? उपचार आवाक्यातल्या अंतरावर आणि खर्चात होते का? हे दोन्ही असूनही मुलाला आणले नाही का? आणि त्या काळात मूल दुखणे सोसत राहिले का? या चारही प्रश्नांचे उत्तर 'हो' येत असेल तर डॉक्टरने पुढचे पाऊल टाकायला हवे. पहिल्याच भेटीत पालकांवर ठपका ठेवणे मात्र चुकीचे, कारण दुधाच्या दाताला उपचार असतात हेच अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

दिसायला कीड, पण कीड नाही, असेही असते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. त्यात आई-बापाचा दोष नाही. लोहाच्या औषधाने दात काळे पडतात, तोही डाग असतो. काही मुलांची सहा वर्षांची दाढ उगवतानाच पिवळसर, ठिसूळ असते आणि ब्रश करूनही तिचा चुरा होतो. मिश्रीने काळे झालेले दात मात्र सोडून देऊ नयेत. लहान मुलाच्या हाती मिश्री आली म्हणजे घरातल्या कोणीतरी ती दिली. मुलाला तंबाखूचा पदार्थ देणे हा बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा असून सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे.

मूल बोलत नाही, खुणा बोलतात

बरीच मुले 'दुखतंय' म्हणतच नाहीत. ज्याला दोन वर्षे दुखतेच आहे त्याला न दुखणे कसे असते ते आठवत नाही. म्हणून विचारायची पद्धत बदलावी. एकाच बाजूने चावतो का, भाकरी सोडून नुसते दूध-बिस्कीट मागतो का, रात्री उठून रडतो का, वजन वाढत नाही का, शाळा किती बुडाली, हसताना तोंडावर हात धरतो का. मागच्या सहा महिन्यांत मेडिकलमधून किती वेळा दुखण्याचे औषध आणले, या एका प्रश्नाला बहुतेक घरांतून खरे उत्तर मिळते.

तोंडात पाहताना नेहमीच्या खुणांशिवाय दोन गोष्टी बघाव्यात. एक, आधी सुरू करून अर्धवट सोडलेले उपचार, म्हणजे तात्पुरते भरलेले आणि नंतर उघडे पडलेले दात. दुसरी, भावंडांची तोंडे. थोरल्याचे दात ठीक आणि धाकट्या मुलीचेच सडलेले असतील तर घरात काय चालते याचा अंदाज येतो.

मारहाणीच्या खुणाही बऱ्याचदा याच खुर्चीत दिसतात, कारण चेहरा आणि मान डॉक्टरच्या डोळ्यांसमोर असते. कानावर, गालाच्या मऊ भागावर किंवा मानेवर वळ, चावल्याच्या खुणा, वेगवेगळ्या जुनेपणाचे डाग, ओठाच्या कडेला भाजल्याची खूण. वरचा ओठ आणि हिरडी जोडणारा पडदा फाटलेला असणे चालायला शिकणाऱ्या मुलात पडूनही होते, पण अजून न रांगणाऱ्या तान्ह्या बाळात दिसले तर थांबून विचार करावा. आई एक सांगते, बाप दुसरे सांगतो आणि जखम तिसरेच सांगते, तेव्हा जखमेवर विश्वास ठेवावा.

फडावर गेलेल्यांच्या पोरांचे काय

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या तालुक्यांत हा प्रश्न सगळ्यात अवघड होतो. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या हद्दीत कोपीत मुक्काम. पोरे एक तर सोबत जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे राहतात. डॉक्टरने 'आठ दिवसांनी आणा' असे डिसेंबरमध्ये लिहून दिले तर ते मूल येणार कसे? खाडा केला तर मजुरी बुडते, वर उचल फिटायची राहते. अशा घराला 'बेफिकीर पालक' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

म्हणजे हातावर हात धरून बसायचे, असेही नाही. मुलाला दुखतेच आहे, कारण काहीही असो. परदेशात आता 'मूल आले नाही' असे न लिहिता 'मुलाला आणले नाही' असे नोंदवतात. सात वर्षांचे पोर एसटीने एकटे येणार नाही, त्याला कोणीतरी आणावे लागते, हे त्या एका शब्दबदलाने लक्षात राहते. आपल्याकडे केस पेपरवर त्यापुढे 'का आणले नाही' हेही लिहावे. फडावर असतील तर कुठल्या कारखान्याकडे, परत कधी, घरी कोण, फोन कोणाचा, ही चार उत्तरे असली की पुढचा माग लागतो.

उपचारही त्या हिशेबाने बसवावेत. दसऱ्याच्या आधी आलेल्या मुलाचे जेवढे होईल तेवढे एका-दोन बैठकांत उरकावे. पू झालेला दात तात्पुरता झाकून फडावर पाठवू नये. मशीन न लावता कीड थांबवणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड अशा वेळी कामाला येते. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. दात काळा पडतो, हे मात्र लावण्याआधी घरच्यांना दाखवून सांगावे. नाहीतर 'डॉक्टरने दात जाळला' अशी गावभर बोंब होते.

तीन पायऱ्या

पहिली पायरी दवाखान्यातलीच. दुखणे आधी थांबवायचे. पालकाला आरशात दात दाखवून साध्या भाषेत सांगायचे. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात आणि सहाव्या वर्षी येणारी दाढ कायमची असते, ती परत येत नाही. एवढे कळले तरी अनेक घरे बदलतात. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांच्या हाताने. पुढची तारीख त्यांना विचारून ठरवायची. दोनदा आणले नाही तर फोन करायचा आणि फोनची नोंद ठेवायची.

एवढे करूनही मूल येत नसेल, तर दुसऱ्या पायरीवर इतरांना सोबत घ्यायचे. गावच्या आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेचे गुरुजी यांना त्या घरची परिस्थिती डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. दातांचे आजार त्यांच्या यादीत आहेत आणि पुढच्या उपचारासाठी ते मुलाला सरकारी रुग्णालयात पाठवू शकतात. उपजिल्हा रुग्णालयात दंत शल्यचिकित्सक असतात. मोठे काम असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खर्चाची अडचण खरी होती की सबब, हे याच पायरीवर उघड होते. मोफत सोय लावून दिली, ने-आण ठरवून दिली, तरी आणत नाहीत, तेव्हा विषय बदलतो.

तिसरी पायरी बाल संरक्षणाची. १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला समितीपुढे हजर करणाऱ्यांत डॉक्टर आणि नर्सचाही स्पष्ट उल्लेख आहे. जाणूनबुजून हेळसांड करणाऱ्या पालकाला कलम ७५ लागू होते. तरी समितीकडे जाणे म्हणजे बापाला तुरुंगात घालणे नव्हे. बहुतेक वेळा घराची चौकशी होऊन उपचाराचा मार्ग निघावा, हाच हेतू असतो, आणि हे पालकाला तोंडावर सांगून मगच कळवलेले बरे.

याला अपवाद लैंगिक अत्याचाराच्या संशयाचा. तिथे पायऱ्या नाहीत. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मुलाला खोदून खोदून विचारू नये, 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, आणि घरातल्याच माणसावर संशय असेल तर त्याला आधी सावध करू नये.

जबड्याखाली सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नाही, श्वास लागतो, किंवा गाल सुजून डोळा मिटत चालला आणि ताप आहे, तर कुठलीच चर्चा न करता १०८ बोलावून मोठ्या रुग्णालयात पाठवावे. नुसत्या अँटिबायोटिकवर घरी सोडू नये. पुवाचे मूळ दातात असते, गोळ्यांनी ते जात नाही.

लिहून ठेवणे

गर्दीत सगळ्यात आधी राहते ते नोंद करणे. कोणते दात, कुठे सूज, कोणी आणले, काय सांगितले, त्यांनी काय उत्तर दिले, पुढची तारीख. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहावेत, स्वतःचे अनुमान वेगळे लिहावे. फोटो परवानगीने काढावा आणि दवाखान्याच्या नोंदीतच ठेवावा. गावच्या किंवा डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकू नये. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा प्रसिद्ध करायला कलम ७४ ची मनाई आहे, आणि ती बातमीदारांनाही तितकीच लागू आहे.