आश्रमशाळेतली पोटदुखी

मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे, आणि धरणाच्या कडेकडेने वर चढलं की असाणे, आहुपे, तेरुंगण अशी आश्रमशाळांची गावं लागतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या आठवड्यात तिथे पोटदुखीची साथ येते. पहिली-दुसरीची पोरं दिवेलागणीला पोट धरून बसतात. ताप नाही, जुलाब नाहीत. आरोग्य केंद्रातली गोळी दिली तरी राहत नाही आणि पंधरवड्याने आपोआप राहतं. कशाने दुखतंय हे अधीक्षकाला कळतं, स्वयंपाकघरातल्या मावशीला त्याहून आधी कळतं. वहीत नोंद होते ती 'पोटदुखी' एवढीच. आईची आठवण लिहायला वहीत रकाना नसतो.

सहा वर्षांच्या पोराने घर सोडून शिकायचं, ही व्यवस्था शंभर वर्षांची आहे. ठक्करबाप्पांनी 1922 मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं आणि आदिवासी मुलांसाठी आश्रम सुरू केले. ठाणे जिल्ह्यात 1940 मध्ये आदिवासी सेवा मंडळ निघालं, बाळासाहेब खेर त्याच्या पाठीशी होते, बोर्डीचे आचार्य भिसे कामात होते. मुलांनी गुरुजींच्या घरातल्यासारखं राहावं, अशी मूळ कल्पना. तिच्यात दोष होतेच. दारू सोडा, मांस सोडा, देव बदला, हे सुधारणेचं ओझं पोरांच्या डोक्यावर बसायचं. पण रात्री रडणारं पोर कोणी उचलायचं, हा प्रश्न तिथे फार पडत नसे, कारण कार्यकर्त्याचं बिऱ्हाड तिथेच असायचं.

1953-54 पासून सरकारने अशा संस्थांना अनुदान सुरू केलं, 1972-73 पासून स्वतःच्याच आश्रमशाळा काढल्या, आणि पुढे 1983 मध्ये आदिवासी विकास विभाग वेगळा झाला. आंबेगाव-जुन्नरचा कारभार घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाकडे आला. पोरांना ताट मिळालं, गणवेश मिळाला, दहावीची परीक्षा आवाक्यात आली. हे थोडं नव्हे. पण रात्रीची जबाबदारी आता 'अधीक्षक' नावाच्या पदावर आली. पद रिकामं राहू शकतं, त्यावरच्या माणसाची बदली होते, त्याच्याकडे धान्याचा साठा आणि हजेरीपटही असतो.

याच काळात ठाणे जिल्ह्यातच उलट्या दिशेने एक प्रयोग चालू होता. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं शहाणपण तिथे आहे. ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. 1957 मध्ये त्यांचं बालशिक्षणाचं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं शाळेत टिकत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. त्यावर शिक्षिकाच कुरणात गेल्या. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली बसलीत, खडे आणि बिया मोजायला घेतल्यात, अशी ती कुरणशाळा. लहान मुलांसाठी अंगणवाडी पाड्यावरच भरली. पोर घरचं राहून शिकलं. मानसिक आरोग्य हा शब्द त्या दोघींनी वापरला असेल-नसेल, पण पोराला त्याच्या माणसांतून न उपटता शिकवणं म्हणजे आज ज्याला संस्कृतीशी जुळवून घेणारा मानसिक आधार म्हणतात, त्याचा पायाच. सरकारने यातली अंगणवाडी उचलली. कुरणशाळा कोसबाडला राहिली.

मनाच्या डॉक्टरांची वाट वेगळीच होती. ती येरवड्याच्या मनोरुग्णालयातून निघाली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 चा, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. ही डॉक्टर मंडळी आजारापासून सुरुवात करून शाळेकडे आली, त्यामुळे 'शहाण्या' पोराचं पोट दुखलं तर ते त्यांच्या नजरेत यायला फार वेळ लागला. शाळांत तोवर समुपदेशन शिरलं ते दहावीनंतर काय करायचं यापुरतं. 2016 मध्ये राज्यभर कलमापन चाचणी झाली, तिने दहावीच्या पोराला कला आवडते की वाणिज्य ते सांगितलं. ऑक्टोबर 2022 मध्ये टेलि-मानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली, क्रमांक 14416. चांगली सोय आहे. पण आश्रमशाळेत पोरांजवळ फोन नसतो, आणि डिंभ्याच्या वर अनेक ठिकाणी रेंज नसते.

30 जुलै 2014 च्या सकाळी याच खोऱ्यातल्या माळीण गावावर डोंगर आला. 151 माणसं गेली. शाळेची इमारत उभी राहिली, आणि शिकायला बाहेर असलेली पोरं वाचली. घरापासून लांब असणं हेच ज्यांच्या जिवावरचं संकट टाळणारं ठरलं, त्या पोरांना सुट्टीत जायला घर उरलं नाही. आमडे इथे नवं गाव वसलं, 2017 मध्ये घरांच्या चाव्या मिळाल्या. पुनर्वसनाच्या कागदावर घर बसतं, जमीन बसते. मुसळधार पावसाच्या रात्री जागं राहणारं पोर कुठल्या कागदावर बसवणार?

आपल्या पट्ट्यात एक गोष्ट आणखी आडवी येते. गडचिरोलीत पोर गोंडी बोलतं, तेव्हा शिक्षकाला निदान अंतर कळतं. इथली महादेव कोळ्यांची पोरं मराठीच बोलतात, ठाकर-कातकऱ्यांच्या पोरांनाही मराठी येतं, म्हणून अंतर नाहीच असं सगळे धरून चालतात. वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य न दाखवल्याने गुरावर संकट येईल असं एखाद्या पोराला वाटतं. ते बोललं तर वर्ग हसतो. पुढच्या वेळी ते बोलतच नाही, त्याचं पोट दुखतं. याच डोंगरातल्या निमगिरीचे गोविंद गारे शिकून मोठे अधिकारी झाले आणि त्यांनी आपल्याच समाजाचा अभ्यास ग्रंथांत मांडला. त्यांच्यासारखी माणसं शिक्षकांच्या प्रशिक्षणात आली असती तर हे हसू थोडं कमी झालं असतं.

म्हणून भगताला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, समुपदेशक करा, असं मात्र मी म्हणणार नाही. साप चावलेलं पोर भगताकडे नेण्यात वेळ जातो आणि पोर हातचं जातं, हे डोंगरात सगळ्यांना माहीत आहे. आश्रमशाळांतल्या मृत्यूंवर डॉ. सुभाष साळुंखे समितीने 2016 मध्ये अहवाल दिला, तो वाचणाऱ्याने भगतगिरीचं कौतुक करू नये. पण भगत पोराला आधी विचारतो, कुणाचा तू, कुठल्या वाडीचा. एवढं विचारायला पदवी लागत नाही.

कॅनडात मूळनिवासी मुलांना सक्तीने निवासी शाळांत कोंडलं, त्याबद्दल तिथल्या पंतप्रधानांनी 2008 मध्ये संसदेत माफी मागितली. आपल्याकडे सक्ती नव्हती. आईबापच पोराला पत्र्याची पेटी देऊन आणून सोडतात, कारण त्यांना नारायणगावच्या मजूर बाजारात उभं राहायचं असतं आणि पोराच्या पोटाची सोय हवी असते. म्हणूनच आपल्याकडे माफी कुणी कुणाची मागायची ते ठरत नाही.

मग पोटदुखीवर आजवर उपाय केला कोणी? बहुतेक ठिकाणी स्वयंपाकी आणि कामाठी बायांनी. त्या त्याच खोऱ्यातल्या, बदली नसलेल्या. कुणाची आई लावणीला खाली गेलीय, कुणाचा बाप पितो, हे त्यांना विचारावं लागत नाही. भाकरीचा एक तुकडा जास्त देऊन त्या पोराला चुलीजवळ बसवतात. प्रशिक्षणाला बोलावणं येतं ते मुख्याध्यापकाला, शिक्षकाला, अधीक्षकाला. या बायांपैकी अनेक जणी वर्षानुवर्षं रोजंदारीवर. आश्रमशाळांतले रोजंदार कर्मचारी 2025 च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले होते, कारण त्यांच्या जागा बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदाराकडून, भरायचं विभागाने ठरवलं होतं.