चापिंगोचा मास्तर आणि गावाची जमीन

नागपूर-वर्ध्याकडच्या क्रांतिकारकांचा इतिहास सांगताना डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव आदराने घेतले जाते. वर्ध्याचा जन्म, टिळकांच्या प्रभावात गेलेले तरुणपण, मग परदेशगमन, १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या गदर चळवळीतील आरंभीचा सहभाग, पहिल्या महायुद्धात इराणच्या मुलखात इंग्रजांविरुद्धची धडपड. इथपर्यंतची कथा रंगवून सांगितली जाते. पुढे 'मग ते मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ झाले' असे एक वाक्य येते आणि प्रकरण संपते. या एका वाक्यात पंचवीस-तीस वर्षे बुडालेली आहेत. माझ्या मते खानखोजे यांचे खरे चरित्र त्या वर्षांतच आहे. आणि ते वाचण्याची गरज इतर कुणापेक्षा आपल्याला, म्हणजे ज्यांच्या बापजाद्यांच्या नावाने सातबारा कधी निघालाच नाही त्यांना, अधिक आहे.

मेक्सिको म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना काही आठवत नाही. मी वर्गात फ्रान्सची क्रांती शिकवतो, रशियाची शिकवतो. मेक्सिकोची क्रांती रशियाच्या आधीची, १९१० ची. शेतकऱ्यांनी केलेली या शतकातली पहिली मोठी क्रांती ती, असे विसाव्या शतकाबद्दल म्हणता येईल. पण ती अभ्यासक्रमात नाही. वास्तविक मिरची तिकडची, मका तिकडचा, दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडूसुद्धा तिकडचाच. भिवापूरच्या मिरचीला आपण आपली म्हणतो, पण तिचे मूळ ज्या मातीत आहे तिथल्या माणसांचे काय झाले हे आपण विचारत नाही.

१५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी अझ्टेकांची राजधानी पाडली आणि तीनशे वर्षे राज्य केले. त्यांनी एक समाजरचना उभी केली. तिचे नाव 'कास्टा'. इंग्रजांनी आपल्या जातीला जो शब्द लावला तो पोर्तुगीजांकडून आला, आणि तो हाच शब्द. वर गोरा स्पॅनिश, खाली तिथला मूळ रहिवासी 'इंडियन' आणि आफ्रिकेतून आणलेला गुलाम. या तिघांच्या संकरातून झालेल्या प्रत्येक संततीला वेगळे नाव. अठराव्या शतकात तर या संकरांची चित्रेच काढली जात: चौकट करून बाप, आई, मूल आणि खाली त्या मुलाच्या जातीचे नाव. ही चित्रे पाहताना मनुस्मृतीतला दहावा अध्याय डोळ्यांपुढे येतो. तिथेही संकराची अशीच मोजदाद आहे, शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांच्या संततीला चांडाळ ठरवणारी. फरक एवढाच की मेक्सिकोचा कारकून रक्त मोजत होता आणि आपला कारकून त्या रक्ताला धर्माचा शिक्का मारत होता. म्हणून तिकडची शिडी स्वातंत्र्यानंतर कायद्याने मोडली. आपली मोडली असे कोण म्हणेल?

पण शिडी मोडली तरी जमीन होती तिथेच राहिली. इथे बेनितो हुआरेझची गोष्ट सांगितली पाहिजे. १८०६ मध्ये ओआहाका प्रांतातल्या एका डोंगरी खेड्यात, सापोतेक जमातीत त्याचा जन्म. लहानपणी आईबाप गेले. बारा वर्षांचा होईतो त्याला धड स्पॅनिशही येत नव्हते. तो वकील झाला, पुढे १८५८ पासून १८७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत राष्ट्राध्यक्ष होता. अशा माणसाचा कुणालाही अभिमान वाटेल. परंतु त्याच्याच उदारमतवादी पक्षाने १८५६ मध्ये एक कायदा केला. चर्चच्या जमिनींबरोबर खेड्यांच्या सामाईक जमिनीही खाजगी मालकीच्या करण्याचा तो कायदा. विचार आधुनिक होता. परिणाम असा झाला की पुढच्या पन्नास वर्षांत मूळ रहिवाशांच्या गावजमिनी बड्या जमीनदारांनी गिळल्या. आपल्यातला एक माणूस गादीवर बसला म्हणजे आपली जमीन सुरक्षित झाली असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हापुन्हा वाचावे.

या जमीनदारीला तिकडे 'हासिएंदा' म्हणत. मजुराला मजुरी मिळे ती मालकाच्याच दुकानात, मालकाच्या भावाने. उधारी फिटत नसे, बापाचे कर्ज पोराच्या डोक्यावर येई. विदर्भातल्या सालदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. पाडव्याला साल ठरते, त्याआधीच उचल घेतलेली असते, आणि उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच वाड्यावर. माझे आजोबा असेच सालदार होते.

मोरेलोस प्रांतात उसाच्या हासिएंदा होत्या. तिथल्या अनेनेकुइल्को गावाने १९०९ मध्ये एमिलियानो झापाटा या तिशीतल्या तरुणाला आपला मुखिया निवडले. गावाकडे जमिनीचे जुने कागद होते. ते सांभाळण्याचे काम त्याच्याकडे आले. कागद दाखवून कोर्टात न्याय मिळेना तेव्हा त्याने बंदूक घेतली. १९११ च्या नोव्हेंबरात त्याने आयालाचा जाहीरनामा काढला: गावांच्या हिरावलेल्या जमिनी गावांना परत. १० एप्रिल १९१९ रोजी त्याला दगा देऊन मारले. पण त्याआधीच, १९१७ च्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमात, जमिनीची मूळ मालकी राष्ट्राची आहे असे लिहिले गेले होते. गावाला सामाईक जमीन देण्याची पद्धत त्यातूनच आली. तिला 'एहिदो' म्हणतात.

खानखोजे १९२४ मध्ये या देशात पोचले. राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच चापिंगोला, एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या हासिएंदेत हलले होते. जिथे वेठ राबवली तिथेच शेतीचे शिक्षण! जमिनीचे दोहन शिकवावे, माणसाचे नव्हे, असे त्या विद्यालयाचे ब्रीद. तिथे ते प्राध्यापक झाले. त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले. पण त्याहून मोठे काम म्हणजे 'मुक्त कृषिशाळा'. ज्याला विद्यालयाची पायरी चढता येत नाही त्या शेतकऱ्याच्या गावातच शाळा न्यायची, हा त्यामागचा विचार. चापिंगोजवळच्या अशा एका शाळेला झापाटाचेच नाव होते. टीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी या कामाची छायाचित्रे घेतली. आणि दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने १९२८ च्या सुमारास शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आपली भाकरी' हे चित्र काढले, त्यात पानावर बसलेल्या गरिबांमध्ये भाकरी मोडणारा माणूस म्हणून खानखोजे यांनाच बसवले. विदर्भाचा माणूस परक्या देशाच्या सरकारी भिंतीवर, हातात तलवार नव्हे तर भाकरी घेऊन!

भिंतीवरच्या चित्रांनी मात्र भुलू नये. मेक्सिकोने मूळ रहिवाशाला भिंतीवर जेवढे मोठे केले तेवढे शेतात केले नाही. खरे वाटप झाले ते लाझारो कार्देनास अध्यक्ष असताना, १९३४ ते १९४० या काळात. सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जमीन वाटली गेली, आणि जमिनीबरोबर कर्जही मिळावे म्हणून एहिदोंसाठी बँक काढली गेली. नुसती जमीन देऊन बी-बियाणे न देणारा सुधारक शेतकऱ्याला पुन्हा सावकाराच्या दारात नेऊन सोडतो, हे त्यांना कळले होते. १९९२ मध्ये सत्ताविसावे कलम बदलले, वाटप थांबले, एहिदोची जमीन विकण्याचा मार्ग मोकळा झाला. १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये मूळ रहिवाशांनी झापाटाचे नाव घेऊन पुन्हा उठाव केला.

आता आपला प्रश्न. मेक्सिकोचा धडा आपल्याला जसाच्या तसा लागू होतो काय? माझे उत्तर नाही असे आहे, आणि कारण एका शब्दात आहे: गाव. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशाला गाव ही ढाल होती. ते गाव त्याचे होते. जमीनदार बाहेरचा होता. म्हणून जमीन गावाला दिली की ती त्याला मिळे. आपल्याकडे गावाला दिलेली जमीन गावकुसाबाहेर पोचत नाही. ग्रामव्यवस्थेच्या गोडव्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे कठोर उत्तर दिले ते या अनुभवातून. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणणारा हा नेता जमिनीचा प्रश्न विसरलेला नव्हता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जात-धर्म न पाहता कसायला द्यावी, ती सामूहिकरीत्या कसली जावी आणि बी-बियाणे, जनावरे, पाणी राज्याने पुरवावे अशी मांडणी केली. मालक गाव नव्हे, राज्य. झापाटा आणि आंबेडकर यांच्यातला हा फरक दोन स्वभावांचा नाही. दोन गावांचा आहे.

खानखोजे १९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारच्या निमंत्रणावरून आले आणि पुढे नागपुरात स्थायिक झाले. मालगुजारी १९५१ मध्ये कायद्याने संपली, पण मालगुजाराचे वाडे आणि बरीचशी जमीन राहिली. ६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. मागणी पडीक जमिनीची होती. चापिंगोचा हा मास्तर तेव्हा हयात होता. २२ जानेवारी १९६७ रोजी तो वारला. त्याच्यावर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण झापाटाच्या नावाची शाळा चालवणारा माणूस आणि भूमिहीनांचा हा मोर्चा एकाच काळात, एकाच राज्यात होते, आणि आपल्या इतिहासलेखकांनी या दोन गोष्टी एका पानावर कधी आणल्या नाहीत.

२०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांचा पुतळा बसला. इकडे गायरान कसणाऱ्या कुटुंबांच्या पेटीत आजही अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतात, कारण जमीन आपण कसतो याचा त्यांच्याजवळ असलेला कागद तेवढाच.