ब्रायर पाइप

ब्रायर पाइप हा तंबाखू ओढण्याचा लाकडी पाइप होय. भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीलगत, जी गाठ धरते तिच्या लाकडापासून तो बनवतात. ही गाठ आधी अनेक तास उकळतात व नंतर कित्येक महिने वाळवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्सच्या ज्युरा पर्वतप्रदेशातील सें-क्लोद हे गाव या धंद्याचे केंद्र बनले. हे लाकूड कठीण व उष्णता सोसणारे असले, तरी अखेर लाकूडच. घाईने ओढल्यास नव्या पाइपाची वाटी आतून जळते.

नवा पाइप मुरवणे

बिडाचा नवा तवा वापरण्यापूर्वी मुरवतात, तसाच हा प्रकार आहे. वाटीच्या आतल्या भिंतीवर कोळशाचा पातळ थर बसवणे हा त्यामागील हेतू. थर बसल्यावर धग थेट लाकडाला लागत नाही. रूढ पद्धतीनुसार सुरुवातीला वाटी एक-तृतीयांशच भरतात, काही दिवसांनी निम्मी व मग पूर्ण. तळाशी थर सर्वांत उशिरा धरत असल्याने तंबाखू तळापर्यंत जळू देतात. झुरके सावकाश घ्यावे लागतात. वाटी हातात धरवेनाशी झाल्यास पाइप खाली ठेवून निवू देणे हाच उपाय. काही उत्पादक वाटीला आतून लेप देऊनच पाइप विकतात. आतून मध लावण्याचीही प्रथा आहे, पण तिच्या उपयोगाबद्दल एकमत नाही.

स्वच्छता

पाइप पूर्ण निवल्यावर राख झाडून, तारेवर सूत गुंडाळलेली लवचीक काडी मुखनळीतून तळापर्यंत फिरवतात. पाइप गरम असतानाच मुखनळी उपसणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्याने सांधा सैल होतो किंवा दांडी तडकते. लाकडात मुरलेला ओलावा सुकावा म्हणून पाइपाला किमान एक दिवस विश्रांती देतात. ज्या थराने वाटी वाचते तोच जाड झाला की तिला फोडतो, कारण तापल्यावर कोळसा व लाकूड सारखे प्रसरण पावत नाहीत. म्हणून थर सुमारे १ ते १.५ मिलिमीटरच राखून बाकीचा खरवडतात. टोकदार चाकू त्यासाठी योग्य नव्हे. दांडीत साचलेले कीट पिण्यायोग्य मद्यार्कात भिजवलेल्या काडीने निघते. मेथिलेटेड स्पिरिट विषारी असल्याने वापरत नाहीत. एबोनाइटची मुखनळी उन्हात ठेवल्यास हिरवट-तपकिरी पडते.

स्वच्छतेने पाइप टिकतो, धूर मात्र निर्धोक होत नाही. पाइप ओढणारे बहुधा धूर छातीत घेत नाहीत, तरीही त्यांना ओठ, तोंड, घसा व स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका असतो.

इतर प्रकार

मीरशॉम या पांढऱ्या खनिजाच्या पाइपात थर साचू देत नाहीत. मक्याच्या कणसाचा पाइप मुरवावा लागत नाही. महाराष्ट्रातील मातीची चिलीम भट्टीत भाजलेली असल्याने तिलाही याची गरज नसते. तिच्या बुडाला गुंडाळलेली ओल्या फडक्याची छापी तेवढी वरचेवर धुवावी लागते.