उघडी वही कुणी वाचली? ॲम्स्टरडॅमची बँक ते अँकर प्रोटोकॉल

१/ मे २०२२ मध्ये 'टेरायूएसडी' हे डिजिटल चलन कोसळले. एका नाण्याला एक डॉलर, असा त्याचा वायदा होता; आठवडाभरात भाव २० सेंटांच्या खाली गेला. याच चलनातील ठेवींवर वार्षिक सुमारे १९.५ टक्के व्याज देणारी 'अँकर प्रोटोकॉल' ही व्यवस्थाही त्यात बुडाली. अशा व्यवस्थांची पारख कशी करावी, याचा एक जुना धडा ॲम्स्टरडॅमच्या इतिहासात आहे.

२/ आधी दोन संज्ञा. डॉलरसारख्या चलनाशी मूल्य बांधलेले डिजिटल नाणे म्हणजे स्टेबलकॉइन. विकेंद्रित वित्त म्हणजे संगणकीय संहितेने चालणारी पेढी: ठेवीदार नाणी ठेवतो, कर्जदार तारण देऊन ती उचलतो आणि सर्व नोंदी ब्लॉकचेनवर सर्वांना पाहता येतात.

३/ आता १६०९ चे ॲम्स्टरडॅम. बंदरात देशोदेशींची झिजलेली, कमी कसाची नाणी येत. त्यावर उपाय म्हणून नगराने विसेलबँक स्थापन केली. बँक नाण्यांचे वजन व कस पाहून ती जमा करी आणि खात्यावर रक्कम मांडी. ६०० गिल्डर व त्यावरील हुंड्या तिच्यामार्फतच चुकत्या करण्याचे बंधन होते. खात्यावरच्या या पैशाला बाजारात रोख नाण्यांपेक्षा अधिक भाव मिळे.

४/ १६७२ मध्ये फ्रेंच सैन्य चालून आले आणि ठेवीदारांनी बँकेकडे धाव घेतली. बँकेने सर्वांचे पैसे चुकते केले. तेव्हा बाहेर आलेली काही नाणी जुन्या नगरभवनाच्या आगीत होरपळलेली होती, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये नोंदवले. म्हणजे ती इतकी वर्षे तिजोरीतच होती! प्रत्येक गिल्डरमागे तितकीच धातू आहे, ही नगराची श्रद्धा त्याने आवर्जून लिहून ठेवली.

५/ ती श्रद्धा मात्र पूर्णतः खरी नव्हती. कर्ज न देण्याचा दंडक असलेली ही बँक डच ईस्ट इंडिया कंपनीला गुप्तपणे कर्जे देत असे. कंपनी परतफेड करी तोवर काही बिघडले नाही. १७८० मध्ये इंग्लंडशी युद्ध जुंपले, कंपनी डबघाईला आली आणि कर्जे अडकली. १७९० मध्ये बँकेनेच आपल्या पैशाचे मूल्य दहा टक्क्यांनी घटवले. १८१९ मध्ये ती कायमची बंद झाली.

६/ अँकर सुरू झाला मार्च २०२१ मध्ये. त्याच्या उत्पन्नाच्या बाजू दोन: कर्जदारांचे व्याज आणि तारण ठेवलेल्या नाण्यांवरचा मोबदला. मे २०२२ च्या आरंभी ठेवी सुमारे १४ अब्ज डॉलरच्या होत्या, कर्जे मात्र सुमारे ३ अब्जांची. तूट राखीव निधीतून भरली जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या निधीत ४५ कोटी डॉलर बाहेरून ओतावे लागले. ठेवीदारास मिळणारे व्याज बव्हंशी अनुदान होते.

७/ दुसरा दोष तारणाचा. टेरायूएसडीचा मुख्य आधार 'लुना' हे त्याच घरचे दुसरे नाणे होते: एक टेरायूएसडी द्यावा, एक डॉलर किमतीचे लुना घ्यावे. अँकरमधील तारणातही लुनाचाच भरणा मोठा. लोक बाहेर पडू लागताच नव्या लुनांचा पूर आला आणि सुमारे ८० डॉलरचे नाणे काही दिवसांत सेंटाच्याही अंशावर आले. आधार आणि तारण एकत्रच गेले.

८/ दोन्ही घटनांतील भेद विचार करण्याजोगा आहे. ॲम्स्टरडॅमच्या ठेवीदारास बँकेची वही पाहण्याची सोय नव्हती. अँकरची वही उघडी होती. राखीव निधी आटताना कुणालाही दिसत होता, आणि काहींनी इशारेही दिले. तरीही ठेवी वाढतच राहिल्या. पारदर्शकतेने माहिती उपलब्ध होते, ती वाचण्याचे कष्ट मात्र ठेवीदारालाच घ्यावे लागतात.

९/ म्हणून अशी व्यवस्था पारखताना चार प्रश्न. व्याज नेमके कोण भरतो? नाण्यामागे काय आहे? तारण आणि नाणे एकाच कारणाने पडू शकतात का? सारे ठेवीदार एकाच दिवशी आले तर पैसे कुठून येतील?

१०/ खरी राखीव गंगाजळी असली तरी चौथा प्रश्न सुटत नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसीच्या गंगाजळीपैकी ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकले आणि त्याचा भाव काही काळ ९० सेंटांच्या खाली गेला. अमेरिकी सरकारने त्या बँकेतील सर्व ठेवींची हमी दिल्यावर तो सावरला. अँकरच्या ठेवीदारांना अशी हमी देणारे कुणीच नव्हते. व्याजाचा आकडा पाहण्याआधी हे चार प्रश्न विचारावेत, आणि पहिल्याचेच उत्तर मिळाले नाही तर पुढे जाऊ नये.