मनगटावरचा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिल्या क्रमांकावर आहे. राज्यातील २० वर्षांवरील २६.४ टक्के लोकांना, म्हणजे चौघांपैकी एकाहून किंचित अधिक जणांना, हा विकार असल्याचे आढळले. मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार शरीरात हळूहळू, कित्येक वर्षे मुरत जातात. फिटनेस ट्रॅकर किंवा स्मार्टवॉच याच कारणासाठी उपयोगी ठरू शकते, कारण ते वर्षानुवर्षे न कंटाळता नोंद ठेवते. पडद्यावर दिसणाऱ्या डझनभर आकड्यांपैकी विसंबण्याजोगे मात्र थोडेच.

हा सारा हिशेब मुख्यतः दोन गोष्टींवर उभा असतो. एक, हाताची हालचाल टिपणारा संवेदक. दुसरी, त्वचेवर हिरवा प्रकाश पाडून परतणारा प्रकाश मोजणारी योजना. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण बदलते आणि त्यावरून हृदयगती काढली जाते. पट्टा सैल असला, मनगटावर गोंदण असले किंवा हात सतत हलत असला, तर या मोजणीत चूक होते.

पावलांचा आकडा सर्वांत लोकप्रिय. रोज १०,००० पावलांचे उद्दिष्ट वैद्यकशास्त्रातून आले असावे असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्याचा उगम जाहिरातीत आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावले मोजणारे उपकरण बाजारात आणले आणि त्याला ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे नाव दिले. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० महिलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या महिलांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी दिसला आणि ७,५०० पावलांच्या आसपास हा लाभ स्थिरावला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण मुळात आजारी माणूस कमीच चालतो. तरीही दिवसाला तीन हजार पावले चालणाऱ्याने आधी साडेचार हजारांचा विचार करावा, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

पावलांची मोजणी हाताच्या झोक्यावर अवलंबून असल्याने पावसाळ्यात छत्री धरलेल्या हाताचा पट्टा पुष्कळ पावले गाळतो. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवताना तो न चाललेली पावलेही मोजू शकतो. गोमंतकात जूनपासून सकाळचे फिरणे पावसावर ठरते. त्यामुळे जुलैची तुलना जानेवारीशी करून खट्टू होण्यापेक्षा गतवर्षीच्या जुलैशी करणे रास्त.

पावलांहून अधिक अर्थपूर्ण आकडा म्हणजे आठवड्यातील व्यायामाची मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, तो वेग मध्यम समजावा. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही याच सूचनांत आहे. मनगटावरचे यंत्र त्याची दखल जेमतेमच घेते.

दीर्घकालीन नोंदीत सर्वांत मोलाचा ठरतो तो विश्रांतीच्या वेळचा हृदयगतीचा आकडा. प्रौढांत तो सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० असतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांत त्याहून कमी असू शकतो. काही महिने चालण्याचा सराव ठेवल्यावर तो सावकाश उतरतो आणि ही उतरण हृदयाची क्षमता वाढल्याची खूण असते. ताप, अपुरी झोप, मद्यपान, मानसिक ताण यांनी तो तात्पुरता चढतो. एखाद्या दिवसाच्या चढाला म्हणूनच अर्थ नाही. पण कारण दिसत नसताना सरासरी काही आठवडे चढीच राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची हृदयगती औषधानेच कमी राहते, हेही ध्यानात असावे. दोन ठोक्यांमधील अंतराचा चढउतार दाखवणारा आकडा व्यक्तीगणिक इतका भिन्न असतो की, शेजाऱ्याशी त्याची तुलना निरर्थक आहे.

झोपेच्या बाबतीत निजण्याची व उठण्याची वेळ यंत्र बऱ्यापैकी टिपते. गाढ झोप किती, स्वप्नावस्था किती, हे मात्र अंदाज असतात. त्याची खरी तपासणी मेंदूलहरी नोंदवणाऱ्या प्रयोगशाळेतच होते. झोपेचे गुण पाहून चिंतेने झोप उडालेल्या रुग्णांची नोंद संशोधकांनी केली आहे. उष्मांकाच्या आकड्यावर तर आहार ठरवूच नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये तपासलेल्या सात उपकरणांपैकी सर्वांत अचूक उपकरणाचीही या बाबतीत सरासरी २७ टक्के चूक होती.

मधुमेहींच्या दृष्टीने एक सावधगिरी महत्त्वाची. सुई न टोचता रक्तशर्करा मोजल्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा एकाही उपकरणाला त्या संस्थेने मान्यता दिलेली नव्हती. त्यांच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवणे जिवावर बेतू शकते. मधुमेहीला घड्याळाचा खरा उपयोग जेवणानंतर होतो. जेवणानंतर दहापंधरा मिनिटे चालल्यास शर्करेची चढण कमी होते आणि त्या चालण्याची आठवण घड्याळ बिनचूक करून देऊ शकते.

केवळ पट्टा बांधल्याने वजन उतरत नाही, हेही तपासून झाले आहे. अमेरिकेत दोन वर्षे चाललेल्या एका चाचणीत आहार व व्यायामाच्या कार्यक्रमाला यंत्राची जोड मिळालेल्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलो घटले, तर यंत्राविना तोच कार्यक्रम करणाऱ्या गटाचे ५.९ किलो.

डॉक्टरांकडे जाताना रोजचे तक्ते दाखवण्याऐवजी गेल्या तीन महिन्यांची विश्रांतीतील हृदयगती, आठवड्याची व्यायामाची मिनिटे व झोपेची वेळ यांची सरासरी एका कागदावर लिहून न्यावी. नवे उपकरण घेतल्यास त्याची तारीखही नोंदवावी, कारण दोन यंत्रांचे हिशेब जुळत नाहीत. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे अशी लक्षणे असताना पडद्यावर सारे काही ठीक दिसत असले, तरी तातडीने रुग्णालय गाठावे.