बहारापासून कुंपणापर्यंत : पवनाकाठच्या परसातील छाटणीचा इतिहास

घराच्या मागील बाजूस, न्हाणीचे सांडपाणी जिरेल अशा बेताने राखलेल्या जमिनीस मराठीत परस म्हणतात. पवना नदीकाठच्या रहाटणीसारख्या गावाने शेतीपासून औद्योगिक नगरापर्यंत जो प्रवास केला, त्याच्या खुणा या परसातील फळझाडांच्या छाटणीत शोधता येतात. पुणे परिसरात झाडाला कात्री लावण्याची कारणे कालक्रमाने तीन दिसतात : प्रथम बहार धरण्यासाठी, पुढे कलमाचा वाण शुद्ध राखण्यासाठी आणि अखेरीस झाड उपलब्ध जागेत मावावे यासाठी. पांढरा सपोटा हे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील फळझाड महाराष्ट्रात पीक म्हणून रुजले नाही, परंतु हा क्रम समजून घेण्यास ते उपयोगी पडते, कारण त्याची सारी निगा या तिसऱ्या कारणाभोवती फिरते.

सपोटा या शब्दाचे मूळ मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘त्सापोत्ल’ या शब्दात असून, मऊ व गोड गराच्या अनेक फळांना तो सरसकट लावला जात असे. चिकू हे नावही ‘चिकोसापोते’ या स्पॅनिश नावाच्या पूर्वार्धापासून आले असे मानले जाते. नावाने भावंडे असली तरी ही दोन झाडे कुळाने परकी आहेत. चिकू हा खिरणी व मोह यांच्या कुळातील, तर १८२५ मध्ये ‘कासिमिरोआ एडुलिस’ असे शास्त्रीय नाव मिळालेला पांढरा सपोटा लिंबू, बेल, कवठ व कढीपत्ता यांच्या कुळातील आहे. बेलाचे पान त्रिदळ असते, तर पांढऱ्या सपोट्याच्या पानात बहुधा तीन ते पाच दळे एका देठावर पंजासारखी पसरलेली असतात. त्याच्या जुन्या नाहुआत्ल नावाचा अर्थ ‘झोपेचा सपोटा’ असा होतो. बियांत गुंगी आणणारी द्रव्ये असून त्या विषारी मानल्या जातात, म्हणून पांढरट, मलईसारखा गर तेवढा खाऊन बी टाकून देतात.

अमेरिकेतून आलेली पेरू, सीताफळ, रामफळ व पपई ही झाडे दख्खनच्या परसात इतकी मुरली की त्यांचे परकेपण विसरले गेले. चिकू त्या मानाने उशिरा आला. महाराष्ट्रात त्याची लागवड १८९८ मध्ये घोलवड येथे झाली, असे फलोद्यानाच्या ग्रंथांत नोंदलेले आहे, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

छाटणीचा पहिला हेतू समजण्यासाठी बहार ही संकल्पना पाहावी लागते. थंड प्रदेशातील झाड हिवाळ्यात पाने झाडून विश्रांती घेते. दख्खनमध्ये तशी कडक थंडी नसल्याने पेरू, मोसंबी व डाळिंब यांना वर्षातून अनेकदा थोडी थोडी फुले येत राहतात. यांपैकी एकच मोसम निवडून झाडाची सारी शक्ती त्यात एकवटणे म्हणजे बहार धरणे होय. जून-जुलैच्या फुलांचा तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार आणि आंब्याला मोहोर येतो त्या जानेवारी-फेब्रुवारीतील तो आंबे बहार. कोणता बहार धरायचा हे विहिरीच्या पाण्यावर ठरे. आंबे बहाराची फळे उन्हाळाभर पोसावी लागत असल्याने तो बारमाही विहीर असलेल्यालाच परवडे. इतरांना मृगाच्या पावसावर विसंबावे लागे. बहारापूर्वी झाडाचे पाणी तोडून त्यास ताण देत, आळ्यातील माती उकरून मुळे काही दिवस उघडी ठेवीत, बारीक तंतुमुळे कापीत आणि पानगळ झाल्यावर शेणखत घालून पुन्हा पाणी सोडीत. अर्थात या प्रदेशातील जुन्या छाटणीचा रोख फांदीइतकाच, किंबहुना अधिक, मुळांवर होता.

दुसरा हेतू कलमांबरोबर आला. रहाटणीहून मुळा नदी ओलांडली की लागणाऱ्या गणेशखिंड येथे १८७३ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान स्थापन झाले आणि विसाव्या शतकात तेथील फळसंशोधन केंद्राने परसबागांचे रूप पालटले. लखनौहून आणलेल्या पेरूच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून तेथील संशोधक डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये ‘लखनौ-४९’ हा वाण निवडला, जो पुढे ‘सरदार’ म्हणून ओळखला गेला. १९३६ मध्ये त्यांनीच आळंदी या स्थानिक डाळिंबातून केलेली निवड पुढे ‘गणेश’ या नावाने राज्यभर पसरली. बियांपासून उगवलेले झाड आईबापांसारखे निघेलच याची शाश्वती नसते. कलमात मात्र निवडलेल्या झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, वाढवतात. उदाहरणार्थ, चिकूच्या कलमासाठी खिरणीचा खुंट वापरतात. कलमाने फळ लवकर व खात्रीचे दिले, पण त्याबरोबर नवे कामही आणले : सांध्याखालून खुंटाची फूट निघाली की ती तत्काळ काढावी लागे, अन्यथा खुंटच वाढून वर बांधलेला वाण खुरटे. पाणसोट, म्हणजे सरळ उंच वाढणारे व फळ न देणारे जोरकस फुटवे, हेही याच निगराणीत कापले जाऊ लागले.

तिसऱ्या हेतूचा आरंभ बागेबाहेर झाला. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महापालिका स्थापन झाली. या महापालिकेच्या हद्दीत आलेल्या रहाटणीत जमिनीचा हिशेब एकराऐवजी गुंठ्यात होऊ लागला. एकराचा चाळिसावा भाग असलेला गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर भरतो. चिकूच्या लागवडीसाठी दोन झाडांत दहा मीटर अंतर शिफारशीत सांगितले जाते. त्यानुसार एका झाडाच्या वाट्याला १०० चौरस मीटर जमीन येते आणि एकरात चाळीस झाडे बसतात. एका चिकूचा वाटा तो एक गुंठा, आणि नगरात त्याच गुंठ्यावर घर, जिना, पाण्याची टाकी व वाहनाची जागा अशी सारी मांडणी करावी लागते.

अशा जागेत पांढऱ्या सपोट्याचे वर्तन कसोटीचे ठरते. मोकळे सोडल्यास हे झाड पाच ते पंधरा मीटरपर्यंत वाढते. कोवळे असताना फांद्या न फोडता शेंड्याकडे धावते, आणि मोठेपणी त्याच्या लांब, लवचीक फांद्या फळांच्या भाराने वाकतात. म्हणून रोप सुमारे मीटरभर झाले की शेंडा खुडून त्यास तीन-चार मुख्य फांद्या धरायला लावतात आणि पुढे दरवर्षी फळे उतरल्यानंतर लांबलेल्या फांद्या आखूड करतात. फळाची साल इतकी नाजूक असते की जमिनीवर पडलेले फळ ठेचाळून वाया जाते. त्यामुळे ते कठीण असतानाच उतरवून घरात पिकवावे लागते, आणि हाताच्या टप्प्यात ठेवलेले झाड ही सोय नव्हे तर गरज ठरते. मात्र एकाच वेळी फार कापल्यास उघडी पडलेली साल उन्हाने भाजते, म्हणून छाटणी थोडी व दरवर्षी करणे, तसेच मोठ्या जखमांना बोर्डो मलम लावणे हितावह असते.

नगराने छाटणीस कायद्याची चौकटही घातली. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये नागरी हद्दीतील झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, आणि तोडण्याच्या व्याख्येत झाडास इजा पोहोचवण्याचाही समावेश आहे. एकेकाळी कोणती फांदी ठेवावी हे विहिरीच्या पाण्याची पातळी ठरवीत असे; आता तो निर्णय शेजारची भिंत, विजेची तार व महापालिकेचा अर्ज यांच्या संमतीने होतो. मुळांची गोष्टही उलटली आहे. पांढऱ्या सपोट्याची मुळे जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरतात व फरसबंदी उचलतात, म्हणून त्याला घरापासून दूर लावण्याचा सल्ला दिला जातो. जी मुळे बहारासाठी माळी हेतुपुरस्सर उघडी करीत असे, ती आता फरशी फोडून आपणहून वर येतात, आणि गुंठ्याच्या प्लॉटमध्ये त्यांना पसरण्यासाठी दूर अशी जागा क्वचितच उरलेली असते.